आमच्याकडे असं कुणाला नाही

माझ्या लेकीच्या पोटावर डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, एक तिरका व्रण आहे. तिथून तिची प्लीहा काढली तेव्हा ती पहिलीत होती. ती प्लीहा तशी, त्या घाईने काढायला नको होती, हे मला नंतर कळलं. आधी कळायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ज्यांच्या पोटात होतं ती सगळी माझीच माणसं. परक्याने फसवलं तर माणूस भांडतो, पोलिसात जातो, निदान मोकळेपणाने शिव्या तरी देतो. घरच्यांनीच केसाने गळा कापला तर कुठे जायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी मीरा रोडच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते, राहायला भाईंदरला, जेसल पार्कात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की प्रत्येक जण मला एकच टोमणा मारतो, "तू सायन्सची ना गं? मग आत्तेभावाशी लग्न कसं केलंस?" केलं बाई. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. भाच्याने तो सोडला तर मामा रुसतो. शिवाय आत्या मला फार आवडायची. माझ्या बारशाला कानात कुर्र करून माझं नाव तिनेच ठेवलं आणि त्यासाठी बायकांचे धपाटे पाठीत खाल्ले. सासू म्हणून तिच्या घरी जायचं म्हणजे माहेराहून माहेरीच जायचं, असं मी मैत्रिणींना तोऱ्यात सांगायचे. लग्नानंतरही मी तिला कधी "अहो आई" म्हटलं नाही, "अगं आत्या"च म्हटलं.

आणि मी काही डोळे झाकून उडी मारली नव्हती. लग्न ठरत होतं तेव्हा बाबांना समोर बसवून विचारलं होतं. म्हटलं, "बाबा, नात्यातलं लग्न आहे. आत्याकडे कुणाला काही आजार, कुणी मूल लहानपणी गेलेलं, असं काही आहे का?" बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "आमच्याकडे असं कुणाला नाही. आपलं घराणं धडधाकट आहे." मी विश्वास ठेवला. बापाच्या शब्दाची कुणी लॅब टेस्ट करतं का?

लेक झाली, चांगली गुटगुटीत झाली. मग तीन-चार वर्षांची असताना तिचं पोट पुढे यायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट हे एवढं. शेजारची गुजराती भाभी म्हणायची, "कीड़े होंगे भाभी, दवाई पिला दो, सब निकल जायेगा." पाजलं. काही निघालं नाही. जरा कुठे आपटली की अंगावर निळे डाग पडायचे, उन्हात खेळून आली की घोळणा फुटायचा. डॉक्टरांनी पोट दाबून सांगितलं, प्लीहा वाढलीय. भाईंदरला वाढलेली प्लीहा म्हटलं की आधी मलेरियाच धरतात, त्याच्याही गोळ्या झाल्या. न्हाऊ घालताना आत्या तिच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवायची आणि एकदम गप्प व्हायची. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "दृष्ट लागलीय पोरीला." संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी विज्ञानाची, तरी मी काही बोलले नाही. म्हातारीच्या जिवाला तेवढंच बरं, असं मला वाटलं.

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनकडे पोचलो. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स अगदी कमी. प्लीहा रक्तच खातेय, म्हणाले, फुटली तर पंचाईत, काढून टाकलेली बरी. पण काढायच्या आधी त्यांनी आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं. मी, माझा नवरा, आत्या, आणि दाराशी टेकून उभी माझी धाकटी नणंद. सर्जन म्हणाले, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? एखादं भावंड लहानपणी गेलंय? नीट आठवून सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "नाही हो डॉक्टर. आमच्याकडे असं कुणाला नाही."

सर्जनने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आम्ही दोघंच भावंडं. मी थोरला."

झालं. ऑपरेशन झालं. ते चांगलंही झालं, पोरगी चार दिवसांत खिचडी मागायला लागली. आत्याने मारुतीला नारळ फोडला. आणि मग काढलेल्या प्लीहेचा रिपोर्ट आला. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या दिसणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. सर्जन स्वतः म्हणाले, हे माझं काम नाही, आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरकडे जा. तिथे पुन्हा रक्त घेतलं, आणि त्या रक्तात कुठलं विकर किती काम करतंय ते मोजलं.

विकर म्हणजे एन्झाइम. मी दर वर्षी वर्गात प्रत्येकाला भाकरीचा तुकडा तोंडात धरून चावत राहायला लावते. थोड्या वेळाने भाकरी गोड लागते, कारण लाळेतलं विकर पिठाची साखर करतं. पोरं चेकाळतात, हा माझा सगळ्यात आवडता तास. पण विकर नसलं तर काय होतं, हे आमच्या पुस्तकात नाही. ते मला त्या डॉक्टरबाईंनी समजावलं.

आपल्या प्रत्येक पेशीला पातळ, तेलकट भिंत असते, पुस्तकात जिला पटल म्हणतात. त्या भिंतीतल्या स्निग्ध पदार्थांच्या एका घराण्याला स्फिंगोलिपिड म्हणतात. मेंदूतून ते पहिल्यांदा वेगळे काढणाऱ्या माणसाला ते इतके कोड्यात पाडणारे वाटले, की कोडी घालणाऱ्या स्फिंक्सचं नाव त्याने त्यांना देऊन टाकलं. ते नुसते भिंत म्हणून उभे नसतात. त्यांचे तुकडे पेशीला निरोप देतात, वाढ, थांब, आता मर. आपल्या कातडीतला ओलावा टिकतो तोही त्यांच्यातल्याच एकामुळे. म्हणजे हे पदार्थ हवेतच, पण काम झालं की मोडायलाही हवेत. ते मोडणारी विकरं वेगवेगळी, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं, अगदी महापालिकेच्या खिडक्यांसारखं. एक फक्त साखर काढणार, दुसरं फक्त शेपूट तोडणार. आधीची खिडकी बंद असेल तर पुढच्या खिडकीतला माणूस नुसता बसून राहणार, त्याच्यापर्यंत कागद येणारच नाही.

आता आपल्या शरीरात जुन्या रक्तपेशी रोज मरतात आणि त्यांना गिळून पचवणाऱ्या सफाईच्या पेशी असतात. त्यांचा मुक्काम प्लीहेत, यकृतात आणि हाडांच्या मगजात. माझ्या लेकीच्या सफाईपेशी गिळत होत्या बिचाऱ्या, पण ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचं एक विकर तिच्यात जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे मेलेल्या पेशींच्या भिंतीतली एक चरबी मोडतच नव्हती. ती आत साचली, पेशी फुगल्या, प्लीहा फुगली, पोट फुगलं. दृष्ट नाही, जंत नाही, मलेरिया नाही. एक खिडकी बंद.

मी विचारलं, "मग प्लीहा काढली ते बरं झालं ना?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "साचायची एक जागा काढली. साचणं थांबलं नाही. आता ते हाडांकडे जास्त वळू शकतं. आधी माहीत असतं तर बाहेरून विकर देता आलं असतं, सलाइनमधून. बहुतेक मुलांमध्ये प्लीहा आपोआप लहान होते." मग त्यांनी कागद ओढला आणि आमच्या घराण्याचा तक्ता काढायला घेतला, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. माझ्यात आणि नवऱ्यात त्यांनी दोन रेघा मारल्या, नात्यातलं लग्न म्हणून. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, म्हणाल्या, एकच आली तर माणूस ठणठणीत असतो, त्याला कधी पत्ताही लागत नाही.

नवरा तेव्हा खाली फाइलच्या झेरॉक्स काढायला गेला होता. आत मी होते आणि लेकीला मांडीवर घेऊन बसलेली आत्या. आत्या एवढा वेळ खाली मान घालून ऐकत होती. हाडांचं नाव निघालं आणि ती एकदम म्हणाली, "म्हणजे हीसुद्धा पाय पोटाशी घेऊन ओरडणार का? मांडीला हात लावू देणार नाही?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मांडीबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. "आजी," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुठे बघितलंत?"

आत्या माझ्याकडे बघेना. लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "माझा पहिला."

असं कळलं मला. लहानपणापासून ज्या बाईला मी आईच्या जागी मानत होते, तिला माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगा झाला होता. त्याचं असंच पोट, असेच डाग, असाच घोळणा. सातव्या वर्षी तो गेला, तेव्हा माझा नवरा तान्हा होता, असं आत्या म्हणाली. डॉक्टरबाईंनी कागदावर आत्याच्या खाली आणखी एक चौकोन काढला आणि त्याच्यावर तिरकी रेघ मारली. मला तर वाटलं, ती रेघ माझ्यावरच मारली. त्या अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं, तर ही तपासणी आधी झाली असती हो."

नवरा झेरॉक्स घेऊन आला तेव्हा मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं आणि सांगितलं. तो एका स्कूटरच्या सीटवर मटकन बसला. "मला काहीच माहीत नव्हतं गं," म्हणाला आणि ढसाढसा रडला. सिक्युरिटीवाला विचारायला आला, "क्या हुआ साहब को?" मीच त्याला पाणी पाजलं, मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. फसवली गेलेली आम्ही दोघं, असं मला वाटत होतं. त्या दिवसात मला तेवढाच आधार होता.

घरी आल्यावर मी आत्याला सोडलं नाही. पोरीला शेजारी पाठवलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "आत्या, सर्जनने विचारलं तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?" ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तो वेगळा आजार. माझे हे दोघं तर नीट झाले ना नंतर. मग मी कशाला उगाळू?" मी म्हटलं, "आणि लग्नाच्या वेळी?" तेव्हा मात्र ती माझ्यावरच उखडली. "तेव्हा सांगितलं असतं तर तू माझ्या घरी आली असतीस? तुझ्या आईने येऊ दिलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी. आणि मला एकटीला काय विचारतेस, तुझ्या बाबाला माहीत नव्हतं? त्या पोराला शेवटचं उचललं ते तुझ्या बाबानेच. मामा होता ना त्याचा."

बाबा तोवर वारले होते. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याच्यासारखी चीड नाही. भिंतीवरचा त्यांचा हार घातलेला फोटो मी उतरवला आणि कपाटात उलटा ठेवला. आत्या म्हणाली, "अगं, बाप आहे तो." मी म्हटलं, "हो, म्हणूनच." आत्याचं लग्नही तिच्या आजोळच्या नात्यातच झालेलं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या घरांत मुली द्यायच्या आणि त्याच घरांतल्या आणायच्या. अनोळखी माणसांची चौकशी करावी लागते, घरच्यांची काय करायची? सगळ्यांना सगळं माहीतच असतं, असं म्हणायचं. आणि माहीत असतंच हो! फक्त जिचं जळणार आहे तिला सोडून.

लेकीला औषध सुरू व्हायला फार उशीर लागला. ते भयंकर महाग, एका मदत योजनेत नाव लागेपर्यंत वाट बघावी लागली, आणि त्या वाट बघण्यात तिचा डावा खुबा दुखायला लागला. आत्याने वर्णन केलं होतं तस्संच. पाय पोटाशी, मांडीला हात लावू देईना. त्या रात्रींबद्दल मी लिहिणार नाही. मग औषध मिळालं. दर पंधरा दिवसांनी आम्ही घोडबंदर रोडने ठाण्याला जातो, वरसाव्याच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकतो, आणि तिच्या हातात सुई लागते. बाटलीत असतं ते नसलेलं विकर. कारखान्यात ते पेशींकडून करवून घेतात आणि त्याच्या टोकाची साखर अशी छाटतात, की सफाईपेशींनी ती ओळखावी आणि त्याला आत ओढून घ्यावं. म्हणजे औषध पत्ता लिहूनच येतं. लेकीला ही गोष्ट फार आवडते. ती सिस्टरना विचारते, "पत्ता बरोबर लिहिलाय ना?" खुब्याचं जे झालं ते मात्र परत आलं नाही. ती किंचित लंगडते. शाळेत तिला पळण्याच्या शर्यतीला शिट्टी वाजवायचं काम देतात.

एवढं सगळं होऊन मी आत्याच्याच घरात राहिले. का, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर होतं. नवरा. त्याने त्या दिवसापासून माझी बाजू धरली. आत्याशी मी दोन दोन महिने बोलत नसे, तर तो मध्ये पडत नसे. रोज संध्याकाळी कामावरून आला की लेकीचे पाय मांडीवर घेऊन कोमट तेल लावायचा. मी म्हणायचे, या घरात एक तरी माणूस सरळ आहे.

मग गेल्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. इतकी वर्षं तिचं जमत नव्हतं. जमलं ते कुठे? आत्याच्या आजोळच्या नात्यातच! आत्या म्हणाली, "घरचाच मुलगा आहे, चौकशीचा घोर नाही." माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "आधी दोघांची टेस्ट करा. दोघंही वाहक निघाले तर निदान कळेल तरी. मूल व्हायच्या आधी उपाय आहेत." आत्या हात जोडायला लागली. "सांगू नकोस गं तिला. त्या लोकांच्या कानावर गेलं तर हेही मोडेल. तिचं वय बघ." मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जरा थांब ना. लग्न तर होऊ दे." मला आश्चर्य वाटलं, पण बहिणीच्या काळजीने बोलत असेल, असं मी मनाला समजावलं.

मी काही थांबणार नव्हते. नणंद माझ्याहून कितीतरी लहान, लग्नाआधीपासून मला ताई म्हणायची, मी तिची वहिनी झाले तरी ताईच म्हणत राहिली. तिच्या पहिल्या साडीला मी पिना लावल्या होत्या. माझ्या वेळी सगळे मूग गिळून बसले, निदान हिच्या वेळी एक जण तरी बोलणार होतं. मी ठरवलं, घरात नको, बाहेर नेऊन सांगायचं.

रविवारी तिला म्हटलं, चल, पालीच्या कोळीवाड्यात जाऊन सुके बोंबील घेऊन येऊ. स्कूटी तिने चालवली. पालीच्या त्या गल्ल्यांमध्ये समोरून एक बुलेट आली आणि एक तरी गाडी मागे घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आम्हीच घेतली. समुद्राकडे बांबूंवर बोंबील वाळत होते. नेहमीच्या कोळणीने पिशवी भरून दिली, म्हणाली, "चांगलं हाय गो. न्हाय आवडलं तं परत आन." नणंद हसली. मी तिला बाजूला, एका ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत घेऊन गेले. सांगितल्यावर ही कोसळेल, मग हिला सावरायचं कसं, हे सगळं मी मनात योजून आले होते.

म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तुझ्या आईला आधी एक मुलगा होता."

ती पिशवीची गाठ घट्ट करत म्हणाली, "ताई, मला माहितीये."

"काय माहितीये?"

"सगळं. मी शाळेत असल्यापासून. आईनेच सांगितलं होतं. तुझं लग्न ठरलं तेव्हा शपथ घातली होती, ताईला बोलायचं नाही."

म्हणजे 'सांगू नकोस गं तिला' म्हणत आत्याने जोडलेले ते हातही खोटेच होते. ही सर्जनच्या दाराला टेकून उभी होती. मी म्हटलं, "अगं, तेव्हा तरी! पोरीचं पोट फाडणार होते तेव्हा तरी बोलायचंस!"

ती रडायला लागली. "तेव्हा मला बघायला येत होते, ताई. पण मी गप्प नव्हते गं. केबिनमधून बाहेर आल्यावर मी दादाला म्हटलं होतं, आपण परत आत जाऊन सांगूया."

"कुठल्या दादाला?" मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न. तिला दादा एकच आहे.

"तो म्हणाला, आईने डॉक्टरांसमोर नाही म्हटलंय. आता तिला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?"

आमच्याकडे हे असं आहे. मोठ्या माणसाने बाहेरच्यासमोर एक शब्द टाकला, की तो चुकीचा असला तरी घरच्यांनी त्याच्यावर उभं राहायचं. लग्नाच्या याद्यांत राहायचं, जमिनीच्या भांडणात राहायचं, ते मी बघितलं होतं. पण ऑपरेशन टेबलावर पोरगी असताना? मी तिला म्हटलं, "त्याला काय माहीत होतं? तो तर तान्हा होता. आत्याच म्हणाली."

"तान्हा कुठे गं? चांगला पाच वर्षांचा होता. दोघं एका गादीवर झोपायचे. दादाला सगळं आठवतं." मग ती हुंदके आवरत म्हणाली, "तू माझ्या टेस्टची काळजी करू नकोस. आमची झालीये, दिवाळीच्या आधीच. मी वाहक आहे, पण हे नाहीत. दादानेच नेलं होतं दोघांना. म्हणाला, ताईला कळू देऊ नका, नाहीतर ती जुनं सगळं उकरून काढेल."

म्हणजे त्याला जमत होतं! वेळेवर बोलणं, गुपचूप लॅब शोधणं, होणाऱ्या जावयाला विश्वासात घेणं, सगळं जमत होतं. बहिणीच्या न झालेल्या मुलासाठी जमलं. माझ्या झालेल्या, टेबलावर झोपवलेल्या पोरीसाठी नाही जमलं. आणि त्या पार्किंगमध्ये मी त्याला पाणी पाजत होते. आग लागो माझ्या त्या हाताला.

नणंद "ताई, ताई" करत राहिली. मी म्हटलं, "गाडी काढ." येताना मी तिच्या मागे बसले होते, पण तिच्या खांद्याला हात लावला नाही, सीटची मागची दांडी धरून बसले.

घरी आलो. नणंद खालच्या खालीच निघून गेली. लेक सोफ्यावर पुस्तक वाचत आडवी झाली होती आणि तो तिचा डावा पाय मांडीवर घेऊन तेल लावत होता. आत्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. रोजचंच दृश्य. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मिळाले का बोंबील?"

मी चप्पलही काढली नाही. किंचाळायचं ठरवलं होतं, पण आवाज साधाच निघाला. म्हटलं, "तुझा भाऊ कसा दिसायचा रे?"

त्याचे हात थांबले. आता हा म्हणेल मला आठवत नाही, अशी मी वाट बघत होते. खरं सांगते, त्याने तसं खोटं बोलावं असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. तो लेकीच्या पायाकडे बघत राहिला.

"हिच्यासारखा," तो म्हणाला.

लेकीने पुस्तक खाली केलं. "कोण माझ्यासारखा?"

आत्या भाजीची सुरी तशीच हातात घेऊन दारात आली. "नको गं," ती म्हणाली, "पोरीला तरी नको सांगूस." नवऱ्याने फक्त मान हलवली, नको म्हणून.

मी लेकीच्या शेजारी बसले, तिचा पाय त्याच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतला आणि म्हटलं, "तुझा काका." आणि मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.